खाडीत गेलेली वही

बाईंनी ती वही माझ्या हातात दिली, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. पण बाईंना नाही म्हणण्याची हिंमत आमच्या भजनी मंडळात कुणाचीच नव्हती, आणि माझा स्वभाव तर मुळातच भित्रा. कुकरची शिट्टी जरा उशिरा झाली तरी मी ओट्यापासून दोन पावलं मागे सरते. अशा बाईकडे जोखमीची वस्तू देऊ नये, हे बाईंसारख्या हुशार बाईला कळायला हवं होतं. सगळा दोष काही माझा एकटीचा नाही, असं मी आजही स्वतःला अधूनमधून सांगत असते.

नव्वदीची मधली वर्षं होती. वाशीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक रिकामी खोली होती. तिथे आठवड्यातून दोनदा, दुपारी चार ते सहा, आम्ही नऊजणी जमायचो. बाई समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मुंबईच्या एका शाळेत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं गाणं शिकवलेलं. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर वाशीला आल्या आणि आमच्यासारख्या, भाजी निवडताना गुणगुणणाऱ्या बायकांना धरून त्यांनी मंडळ उभं केलं. दुसऱ्या मंडळांसारखं आमच्यात ज्याला जसं सुचेल तसं गाणं चालत नसे. बाईंचं सगळं लिहिलेलं असायचं.

ते सगळं त्या वहीत होतं. लाल कापडी पुठ्ठ्याची, फुलस्केप आकाराची, शिवण उसवलेली म्हणून सुतळीने बांधलेली वही. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ‘श्री’. आत बहात्तर गाणी. काळ्या शाईत शब्द, त्यांच्याखाली स्वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. मागच्या बायकांनी जी झील धरायची ती लाल शाईत. आणि शब्दांच्या वर बारीक लाल आकडे, एक ते नऊ. हे आकडे म्हणजे बाईंची स्वतःची युक्ती होती. नऊ बायका एकाच जागी श्वास घ्यायला थांबल्या की गाण्याला भोक पडतं, असं त्या म्हणायच्या. म्हणून कुणी कुठे श्वास घ्यायचा हे त्यांनी ठरवून दिलेलं. माझा नंबर सात. जिथे सात लिहिलेला असेल तिथे मी श्वास घ्यायचा, बाकी आठजणींनी ओळ धरून ठेवायची. भलत्या जागी दम घेतला की बाई पेटी थांबवायला लावून फक्त बघायच्या. ते बघणं पुढचे चार दिवस पुरायचं.

एकदा एका नव्या बाईने ती वही चटईवरून सरकवून जमिनीवर ठेवली. बाईंनी तिला त्याच दुपारी घरी पाठवलं, आणि ती पुन्हा कधी आली नाही.

तर त्या वर्षी बाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डावा आधीच अधू होता. डॉक्टरांनी गणपतीच्या आधीची तारीख दिली. ऑपरेशन, मग पट्टी, मग हिरवा गॉगल, आणि नंबरचा चष्मा थेट दसऱ्याच्या सुमाराला. आषाढाच्या शेवटी एक दिवस बाईंनी मला थांबवून घेतलं आणि वही पुढे केली.

‘‘स्वरलिपी तुलाच येते,’’ त्या म्हणाल्या. लहानपणी मी गाण्याच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, त्याचं हे फळ. ‘‘मोतीबिंदू काढायच्या आत उतरवून ठेव. हाताने. झेरॉक्स नको, झेरॉक्समध्ये लाल आणि काळं एकच होतं.’’

मी वही घरी आणली. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक खोली आणि किचन. कपाटावर मुलीचे कपडे, टेबलावर नवऱ्याची कागदपत्रं. वही ठेवण्यासारखी स्वच्छ आणि वरची जागा एकच होती, देव्हाऱ्याखालचा कप्पा. तिथे सासूबाईंनी पूजेला ठेवलेल्या पोथ्या असायच्या. मी त्यांच्यावर वही ठेवली आणि स्वतःवर खूश झाले.

तीन आठवड्यांत मी काय केलं? अनुक्रमणिका उतरवली आणि अकरा गाणी. सकाळी मी एका बालवाडीत शिकवायचे, दुपारी घरचं काम, कधी पाहुणे, कधी मुलीला ताप. खरं सांगायचं तर हे सगळं सांगायला बरं. आज नको, उद्या सलग बसू, असं म्हणत मी दिवस ढकलले. शेवटचं बहात्तरावं गाणं तर मी उघडून पाहिलं आणि दोनच ओळी आहेत, हे केव्हाही होईल, म्हणून मिटून टाकलं.

गणपतीला दहा दिवस होते. सासूबाई साताऱ्याकडून आल्या होत्या, घराची साफसफाई चालली होती. मी बालवाडीतून एक वाजता आले. हातपाय धुतले आणि आज दोन गाणी तरी करायचीच असं ठरवून देव्हाऱ्याखालचा कप्पा उघडला. आतलं लाकूड ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलेलं. दोन पोथ्या नव्या कापडात बांधून ठेवलेल्या. वही नव्हती.

‘‘आत्याबाई, इथली वही कुठंय?’’

‘‘कंची वही?’’ त्या तांदूळ निवडत होत्या.

‘‘लाल. जुनी. सुतळीनं बांधलेली.’’

‘‘ती व्हय. ती फाटकी पोथी.’’ सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. ‘‘दिली की सोडायला. निर्माल्याच्या पिशवीत घातली. सकाळी ह्यो घिऊन गेला स्कूटरवरनं.’’

मी खाली बसले. सासूबाईंना वाटलं मला चक्कर आली. त्या पाणी घेऊन आल्या आणि समजावून सांगू लागल्या. फाटकी पोथी घरात ठेवू नये. ती जाळायची नाही, रद्दीत द्यायची नाही, वाहत्या पाण्यात सोडायची. त्यांच्या आईने सांगितलेलं, त्यांच्या सासूने सांगितलेलं. आणि ती पोथीच वाटणार, कारण दर दसऱ्याला मंडळात वहीची पूजा व्हायची. पुठ्ठ्यावर वर्षानुवर्षांचं हळद-कुंकू बसलेलं. वर ‘श्री’.

‘‘मला का वाचाय येतंय? नमस्कार करून दिली म्या.’’

‘‘गाण्यांची वही होती ती, आत्याबाई.’’

त्यांचा चेहरा उतरला. ‘‘म्हंजे देवाची न्हवं?’’

‘‘देवाचीच,’’ मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कोपऱ्यावरच्या पीसीओवरून नवऱ्याला ऑफिसात फोन लावला. हे मानखुर्दला नोकरीला होते, रोज स्कूटरने खाडीपूल ओलांडून जायचे. म्हणूनच आमच्या घरचंच काय, मजल्यावरच्या चार घरांचं निर्माल्य ह्यांच्याकडे असायचं.

‘‘पिशवी टाकलीत?’’

‘‘टाकली. का?’’

‘‘पुलावर कुठे?’’

‘‘अगं पुलावर म्हणजे पुलावर. टेन्शन कसलं आलंय तुला?’’

‘‘आत काय होतं बघितलंत?’’

‘‘निर्माल्य उघडून कोण बघतं?’’

तेही खरंच. कुणीच बघत नाही.

मी तशीच बस पकडली आणि पुलाच्या अलीकडे उतरले. त्या पुलावरून मी शेकडो वेळा गेले होते, पण चालत कधीच नाही. ट्रक जवळून गेला की पायाखालचा फूटपाथ थरथरायचा, वारा पदर ओढायचा. मला उंचीची भीती वाटते, पाण्याची वाटते, ट्रकची वाटते. तिन्ही एका ठिकाणी. कठडा दोन्ही हातांनी धरून मी एकेक पाऊल टाकत होते आणि खाली बघत होते. ओहोटी होती. मैलभर काळा चिखल, त्याच्यावर हजारो पिशव्या. झेंडूच्या माळा, फुटक्या तसबिरी, देवांची जुनी कॅलेंडरं. खांबाच्या बुडाशी लाल काहीतरी दिसलं आणि मी कठड्यावरून वाकले. नीट पाहिलं तर कुणाच्या तरी ओटीचा खण होता.

पुलाच्या टोकाशी खाली उतरायला पायवाट होती. तिथे एक म्हातारा कोळी होडीत बसून जाळं शिवत होता. मी त्याला विचारलं.

‘‘कंदी टाकली?’’

‘‘सकाळी आठला.’’

त्याने मान हलवली. ‘‘आठला उतरती लागली व्हती. उतरतीचं पानी समदं दर्याला नेतं. पोथी व्हती का?’’

‘‘गाण्यांची वही.’’

‘‘मंग गेली,’’ तो म्हणाला आणि परत जाळ्याला लागला. त्याच्या आवाजात वाईट वाटणं नव्हतं की दिलासा नव्हता. मी तिथेच उभी राहून रडले. बहात्तर गाणी गेली याचं दुःख मला तेव्हा होत नव्हतं. बाईंना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

त्याच दिवशी चार वाजता तालीम होती. तापाचं निमित्त सांगून घरी बसावं असं वाटलं, पण मग बाई स्वतः वही न्यायला येतील या भीतीने मीच गेले. बाईंचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं.

‘‘किती झाली उतरवून?’’

‘‘चाळीस,’’ मी म्हणाले. जिभेने आपल्या मनाने तो आकडा काढला.

‘‘वही नाही आणलीस?’’

‘‘पाऊस आहे बाई. भिजेल म्हणून.’’

बाई सगळ्यांकडे वळल्या. ‘‘बघा. अशी काळजी घ्यायची असते.’’

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. मी पेटीमागे तोंड लपवून गायले आणि सात नंबर सोडून भलतीकडेच श्वास घेतले.

ऑपरेशन होईपर्यंत सांगायचं नाही असं मी ठरवलं. डोळ्याला ताण नको, रडणं नको, ब्लडप्रेशर वाढायला नको. भित्र्या माणसाला सबब फार लवकर सापडते, आणि ती नेहमी दुसऱ्याच्या भल्याची असते. ऑपरेशन झालं. मग पट्टी निघेपर्यंत नको. मग गणपती उठेपर्यंत नको. नवरा म्हणाला, चल, मी येतो बरोबर, दोघं मिळून सांगू. मी म्हटलं, तुम्ही पुन्हा त्या पिशवीचं नाव काढू नका. सासूबाईंनी तर दोन सोमवार उपास धरले, आणि मला काय झालंय हे कुणी न सांगताही त्या माझ्या ताटात जास्त भाजी वाढू लागल्या.

दरम्यान मी एक नवी वही आणली. लाल पुठ्ठ्याचीच, चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी, दुकानात चार वेळा मागे बघत. माझ्याकडे अनुक्रमणिका होती. काय गेलंय याची यादी माझ्या हातात होती आणि गेलेलं मात्र खाडीत होतं. अकरा गाणी उतरवलेली. उरली एकसष्ट.

मी एकेकीच्या घरी जाऊ लागले. सगळ्यांना सांगितलं, प्रत काढतेय, ताडून बघायचंय. पेटीवर बसणाऱ्या कोकणातल्या वहिनींना शब्द आठवत नव्हते, पण पेटी पुढे ओढली की बोटं आपोआप चालायची. मार्केटमध्ये माथाडी असलेल्या एकाची बायको, तिला शब्द सगळे पाठ, पण सुराच्या नावाने शंख. एकीला फक्त कडवी, एकीला फक्त धृपदं. एक ना धड भाराभर चिंध्या, आणि मी त्या शिवत बसले होते. पण एक गोष्ट सगळ्यांना अचूक आठवायची. कुणी कुठे श्वास घ्यायचा ती स्वतःची जागा. गाता गाता त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, इथे माझा. मी तिथे लाल शाईत तिचा आकडा घालायचे. आठ-दहा गाणी तर अशीच सापडली. श्वास आधी आठवला, मग त्याच्या मागचा शब्द, मग सूर.

सगळ्यात जास्त दिलं ते बोनकोड्याच्या मावशींनी. त्या गावातल्या जुन्या घरातल्या, शेती आणि मिठागर दोन्ही गेल्यावरही ओटीवर बसून सुकट निवडणाऱ्या. नंबर दोन. तालमीला बसने यायच्या आणि हातात कधी कागद घ्यायच्या नाहीत. मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसले. त्यांनी सुकट निवडता निवडता पहिलं गाणं सुरू केलं आणि शेवटपर्यंत गायलं, एक शब्द न अडखळता. मग दुसरं. मग तिसरं. पाच दिवसांत त्यांनी मला बेचाळीस गाणी दिली.

‘‘एवढं कसं आठवतं मावशी?’’

‘‘मना लिवता येत नाय. मंग ध्यानान ठेवाला लागतं.’’ सुकटाची टोपली त्यांनी बाजूला केली आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘वही हाय ना गो तुझेजवल?’’

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘बाईंना सांग.’’

‘‘सांगते.’’

‘‘कंदी?’’

मी वही पिशवीत घालून उठले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवसापासून तालमीत त्यांची नजर माझ्यावर असायची, आणि आता मला घाबरायला दोघी झाल्या.

गणपतीनंतर बाई हिरवा गॉगल लावून तालमीला येऊ लागल्या. जवळचं अजून धूसर दिसायचं. नवरात्रात आमचे नऊ दिवसांचे नऊ कार्यक्रम असायचे. मी नवी वही कव्हर घालून नेत होते. लांबून तीच वाटली असती. मात्र बाई मला त्यांच्या उजव्या हाताला बसवायच्या.

एक दिवस त्या म्हणाल्या, ‘‘चोपन्न काढ. तिसऱ्या ओळीत मध्यम तीव्र आहे की शुद्ध? बघून सांग.’’

चोपन्नाचं पान माझ्यापुढे कोरं होतं. ते गाणं अजून मिळालेलं नव्हतं. मी पानाकडे डोळे फाडून बघत राहिले, जणू बघून बघून अक्षरं उमटतील.

‘‘तीव्र,’’ मी म्हणाले.

‘‘तीव्र?’’ बाईंचा आवाज बारीक झाला. ‘‘नीट बघ. वर रेघ आहे?’’

मी पान डोळ्यांजवळ नेलं. तेवढ्यात मागून मावशी स्वतःशीच गुणगुणल्यासारखी ती ओळ गायल्या. शुद्ध मध्यम.

‘‘शुद्धच आहे बाई,’’ मी म्हणाले. ‘‘रेघ नाही, डाग आहे.’’

‘‘माझ्या वहीत डाग नाहीत,’’ बाई म्हणाल्या.

पेटी सुरू झाली. त्या रविवारी मी चोपन्न नंबरचं गाणं मावशींकडून उतरवून घेतलं, पण भीती काही उतरली नाही.

घटस्थापनेपर्यंत एकाहत्तर गाणी झाली. राहिलं एक. अनुक्रमणिकेत बाकी सगळ्या गाण्यांची पहिली ओळ होती, बहात्तराव्यापुढे फक्त ‘अंगाई’ एवढंच. ते आम्ही कधी गायलोच नव्हतो. मी आठहीजणींना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. मावशी म्हणाल्या, ‘‘ती बाईंची सोताची. आमाला कंदी नाय शिकवली.’’

एका दुपारी मी फार वाईट गोष्ट केली. घरात कुणी नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि बहात्तराव्या पानावर एक अंगाई लिहिली. चाल साधी, कुणाच्याही घरची वाटावी अशी. शब्द माझेच जुळवलेले. दोन ओळींत काम झालं. दोनच तर ओळी होत्या, बाईंना तरी कुठे आठवत असतील, असं मी मनाशी म्हणाले. मग ते वाचलं आणि माझी मलाच भीती वाटली, म्हणजे त्या कोऱ्या पानापेक्षाही जास्त. मी रबराने खोडून काढलं. जोर लावून खोडलं, कागद चुरगळेपर्यंत.

बाईंचा चष्मा दसऱ्याच्या आधी चार दिवस आला. त्या चार दिवसांत मी नवी वही घेऊन एकदाही त्यांच्या शेजारी बसले नाही, पाठीत लचक भरल्याचं सांगून मागे बसले. दसऱ्याला सकाळी दहा वाजता सगळ्याजणी बाईंच्या घरी जमणार होत्या. पाटावर वही मांडायची, हळद-कुंकू, झेंडू, मग एक गाणं आणि प्रसाद. मला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. साडेआठला मी निघाले. सासूबाईंनी दारात थांबवलं.

‘‘माझं नाव सांग,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हाताऱ्या बाईला काय करनार?’’

मी त्यांच्या पाया पडले. दसरा होता म्हणून नाही.

बाई पाट पुसत होत्या. नव्या चष्म्यातून त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते. त्यांनी पाट माझ्यापुढे सरकवला. ‘‘लवकर आलीस. ठेव.’’

मी नवी वही पाटावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी पाठ करून आणलेली चार वाक्यं होती, त्यांतलं एकही आलं नाही.

‘‘बाई, तुमची वही खाडीत गेली.’’

‘‘खाडीत?’’

‘‘गणपतीच्या आधी. आमच्या घरी जुनी पोथी समजून निर्माल्यात गेली. चूक माझी. मी वेळेवर उतरवली नाही, आणि नंतर सांगितलं नाही.’’

बाई पाटाजवळ बसल्या. मी ओरडा खाण्यासाठी तयार होते. खरं तर मला ओरडाच हवा होता. दीड महिना मी त्याचीच वाट बघत होते.

‘‘पोथी समजून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे विसर्जन झालं. रद्दीत तर नाही गेली.’’ मग त्यांनी वही उघडली आणि पानं उलटायला लागल्या. एक गाणं, दुसरं गाणं. बोट ओळीखालून सरकत होतं. काही ठिकाणी त्या थांबून पेन मागत होत्या आणि एखादा स्वर दुरुस्त करत होत्या, शाळेतल्या वह्या तपासतात तशा. ‘‘हे श्वासाचे आकडे कुणी सांगितले?’’

‘‘ज्यांचे त्यांनीच.’’

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, त्या जराशा हसल्या. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं. भरपाई झाली, असं मला वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी पाठ भिंतीला टेकली.

बाई शेवटच्या पानावर आल्या. वर ‘अंगाई’ असं लिहिलेलं, खाली काही नाही. त्यांनी वही उजेडात तिरकी धरली.

‘‘इथे काहीतरी खोडलंय.’’

‘‘मी माझ्या मनाचं भरलं होतं. मग खोडलं.’’

‘‘बरं केलंस,’’ त्या म्हणाल्या. मग खोडलेल्या जागेवर बोट ठेवून, ‘‘ही माझ्या आईची. मी एकोणीस वर्षांची होते. आई गेली, तेरावं झालं, आणि मुंबईला परत आल्या आल्या मी आधी ही वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढली. विसरेन म्हणून. लिहिली आणि निर्धास्त झाले.’’

त्या गाऊ लागल्या. पाच-सहा स्वर आले, अगदी हलके, पेटीशिवाय. मग आवाज थांबला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. त्याच जागेवर आल्या आणि चाल दुसऱ्याच एका गाण्यात शिरली, आमच्या नवरात्रातल्या. त्यांनाही ते कळलं. त्यांनी मान झटकली आणि तिसऱ्यांदा सुरू केलं.

बाईंना मी रागावलेलं पाहिलं होतं, कंटाळलेलं पाहिलं होतं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शांतपणे पिशवी भरताना पाहिलं होतं. घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. चष्म्यामागचे ते मोठे डोळे माझ्यावर खिळले होते.

‘‘तू पाहिलं होतंस ना ते पान?’’

‘‘पाहिलं होतं.’’

‘‘मग सांग ना. पुढे काय होतं?’’

मी डोळे मिटले. ते पान मला दिसत होतं. दोन ओळी, जांभळी शाई, अक्षर बाईंचंच पण कोवळं. वर श्वासाचे आकडे नव्हते, कारण ते एकटीचं गाणं होतं. शाई कोणती, ओळी किती, समास किती सोडलेला, सगळं दिसत होतं. एक स्वर दिसत नव्हता. मी ते पान पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.

जिन्यात बायकांचा आवाज आला. कुणीतरी झेंडूची टोपली टेकवली, मावशींचा आवाज मी ओळखला. बाई अजून माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘‘आठव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘घाई नाही.’’